साक्षीत न मावलेली सुई

जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्यात फ्लेक्स फार वाढले. वाढदिवस, नियुक्ती, नियुक्तीबद्दल आभार, आभाराबद्दल अभिनंदन. माणसानं काही केलं नसलं तरी चालतं, फोटोत हात जोडलेले हवेत. त्यामुळे आमच्या प्रार्थनामंदिराच्या फाटकाआत एक फ्लेक्स लागला, तेव्हा मला नवल वाटायला नको होतं. नवल वाटलं ते फोटोचं. तो माझ्या ताईचा होता. डोळे मिटलेले, एक हात वर, दुसऱ्या हातात माईक. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: कर्करोगातून सुटका.

तिला कर्करोग आहे असं तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यातून सुटका झाली, हे तर मुळीच नाही.

ताई माझ्याहून मोठी. लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि निवृत्त झाल्यावरही स्टेशनकडच्या आमच्या वडिलांच्या दोन खोल्यांत राहून तेच काम करत होती, फक्त पगाराशिवाय. गावात तिला सगळे सिस्टर म्हणतात. मी सौसरला असतो. कॉलेजात शिकवत होतो, आता पुस्तकं वाचतो. आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणजे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या पिढ्यांनी तो मोडला नाही. मोडला नाही एवढंच. मी नाताळला आणि ईस्टरला उपासनेला जाणारा माणूस. ताईनं मात्र ते सगळं मनावर घेतलं होतं.

शिष्यत्वावरची बरीच पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. त्यांत पायऱ्या असतात, गुण असतात, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्न असतात. ताईनं त्यांतलं एकही वाचलं नव्हतं. ती सकाळी उठून एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची कूस बदलायला जायची. तो म्हातारा तिला शिव्या द्यायचा. मी एकदा विचारलं, "कशाला जातेस?" तर म्हणाली, "शिव्या द्यायले बी त्याले माणूस लागते ना बापा." कोणाला धर्म सांगायला ती कधी गेली नाही. पट्टी बदलायची, हात धुवायचे, चहा नको म्हणायचं, आणि निघायचं. कोणी विचारलंच की सिस्टर तुम्ही हे का करता, तर सांगायची, "मले सांगतलं आहे कोणी." ते 'कोणी' म्हणजे कोण, हे विचारणाऱ्याला समजायचं, नाही समजलं तरी तिचं अडायचं नाही.

तिला छातीत डाव्या बाजूला गाठ लागली ती उन्हाळ्यात. नर्सच ती, घाबरली नाही. गावातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सोनोग्राफी केली, सुई घालून पाणी काढलं, गाठ बसली. डॉक्टर म्हणाले, पाण्याची दिसते, पण पाणी जरा लाल आहे, नागपूरला जाऊन तुकडा तपासून घ्या. ताई म्हणाली, जाते.

त्याच आठवड्यात सौसरला संजीवन सभा होती. मंडप, लाल गालिचा, जनरेटर, आणि बाहेरून आलेले एक प्रवचनकार बंधू, ज्यांच्या गाडीचं दार उघडायला ते उतरायच्या आधीच दोघं जण धावत. बाहेरचा प्रत्येक प्रवचनकार आमच्याकडे गोटमारीपासून सुरुवात करतो. पांढुर्णा, सावरगाव, मधे जाम नदी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून दगडफेक, आणि मग येशूचं ते वाक्य, पहिला दगड कोणी मारायचा. त्याला वाटतं हे आपल्यालाच सुचलं. आम्ही दर वेळी नव्यानं माना डोलावतो, तो पाहुणचाराचा भाग आहे. या बंधूंनीही ते केलं. मग आजारी माणसांना पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ताईला नागपूरला जायला सांगितलंय हे आमच्या मंडळीतल्या बायांच्या कानावर गेलं होतं, त्यांनी तिला पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी साक्षींचा कार्यक्रम. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की आमच्यात साक्ष म्हणजे, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगणं. तिचा एक साचा ठरलेला असतो. आधी मी अशी होते, मग प्रार्थना झाली, आता मी अशी आहे. सगळे म्हणतात, प्रभूची स्तुती असो. साच्यात चौथा भाग नसतो.

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो, त्यामुळे जे झालं ते मी पाहिलं. ताई सरळ बाई आहे. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. गाठ कशी लागली, डॉक्टरांनी काय पाहिलं, सुई घालून पाणी कसं काढलं. पाण्याच्या रंगापर्यंत आली तेव्हा बंधूंनी हसून तिच्या हातातला माईक स्वतःच्या तोंडाजवळ वळवला. "बहीण, आज सकाळी हात लावला तेव्हा गाठ होती का?"

"नव्हती, पण..."

"नव्हती." मंडप उठला. त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते जनरेटरला ऐकू गेलं असेल.

घरी येताना मी म्हटलं, "तुझी सुई खाल्ली त्यांनी."

"त्यायले घाई असन," ती म्हणाली. "पण सुई बी त्याचीच ना रे. डॉक्टरबी त्याचाच."

हे तिचं खरोखरचं मत होतं. पण ते व्हिडिओत नव्हतं. व्हिडिओ मोबाइलवरून फिरला, त्यातून फ्लेक्स झाला, आणि कुठल्या तरी टप्प्यावर गाठीचा कर्करोग झाला. नागपूरला जाणं राहिलं. मी दोनदा आठवण केली. ती म्हणाली, बसली आहे गाठ, पाहू.

संत्र्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी तिच्याकडे गेलो होतो. ती कळशी उजव्या हातानं उचलून, डाव्या कोपराला ती टेकू न देता, एकांगी चालत आली. मी पाहत राहिलो. डावा हात मनगटापासून सुजला होता.

"ताई, हात?"

"पडली होती."

तिला खोटं बोलता येत नाही. जीभ अडखळते. मग ती कळशी ठेवून खाटेवर बसली.

"आली आहे पुन्हा," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधीपासून. मोठी आहे. काखेत बी आहे."

"पोळ्याच्या आधीपासून? आणि तू गप्प बसून राहिलीस?"

"मग काय करू?"

"नागपूर. उद्याच्या गाडीनं."

"अन् लोकायले काय सांगू?"

मला तेव्हा कळलं की ती कशात अडकली आहे. तिच्या साक्षीनंतर काही माणसं मंडळीत नियमित येऊ लागली होती. एक नवरा-बायको होते, त्याची दारू सुटली होती. एक संत्र्याच्या पॅकिंगवर काम करणारी बाई होती, सुनेशी भांडण मिटवून दर रविवारी सुनेला घेऊन येत होती. ही सगळी माणसं ताईच्या त्या "नव्हती" या शब्दावर उभी होती. तो शब्द आता खरा राहिला नव्हता.

"म्हणजे तुझ्या देवाचा सगळा कारभार तुझ्या एका गाठीवर टेकलेला आहे," मी म्हणालो. "इतका लंगडा असेल तर राहू दे त्याला."

"तू बोलून राहिला ते मले समजते. पण त्या बाईले नाई समजणार. ती म्हणेल सिस्टरचंच नाई झालं, मग माझं काय. दारू पुन्हा धरेल तो माणूस."

"धरू दे. तू मेलीस तर धरणार नाही का?"

"मरणं वेगळं आहे बाबू. मरणाचं लोकं समजून घेतात."

माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं.

मी आमच्या पाळकांकडे गेलो. पाळक भला माणूस आहे, स्कूटरवर फिरतो, संडे स्कूलच्या मुलांसाठी खिशात गोळ्या ठेवतो. त्यानं ऐकलं, पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. "सिस्टरला नागपूरला न्या," तो म्हणाला. "लवकर न्या. पण, म्हणजे, गुपचूप नेलं तर? नातेवाइकांकडे गेल्या असं म्हणता येईल. सभेला फार लोक जोडले गेले आहेत हो."

मी ते ताईला सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती चिडली.

"चोरून बरं व्हायचं? चोरून तर मी सुट्टी बी नाई घेतली कधी."

म्हणजे उघड जायचं नाही, कारण लोकांचा विश्वास मोडेल. लपून जायचं नाही, कारण ते खोटं. या दोहोंच्या मधे ती बसून राहिली आणि गाठ वाढत राहिली. मी दर दोन-तीन दिवसांनी सौसरहून बसनं येत होतो, भांडत होतो, परत जात होतो. बस मधल्या एखाद्या गावात थांबली की मला वाटायचं, उतरावं आणि कुठे तरी ओरडावं. पण मधल्या प्रत्येक गावात माझे जुने विद्यार्थी आहेत.

शेजारच्या काकूंनाही अंदाज आला होता. त्या एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा देव तुमच्यापाशी, मी काही म्हणत नाई. पण एक शनिवार जामसांवलीच्या मारुतीला जाऊन येऊ. हात मी जोडीन, तुम्ही नुसत्या बसा."

ताई हसली. "मी बसली तर तुमचे मारुतीराया म्हणतील, हिचा केसपेपर इथं नाई, हिले तिकडं पाठवा."

"तुम्ही जा तर खऱ्या कुठं तरी," काकू म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

मग त्या पॅकिंगवाल्या बाईच्या पायाला पेटीचा खिळा लागला. आठवडाभर तिनं लक्ष दिलं नाही. सून ताईला बोलवायला आली तेव्हा मी तिथेच होतो, म्हणून बरोबर गेलो. खोलीत शिरल्याबरोबर ताई दारातच थांबली. वासावरूनच तिला कळलं होतं. तिनं खाली बसून एका हातानं फडकं सोडलं. दोन बोटं काळी पडली होती.

"शुगर किती होती?" ताईनं विचारलं. "गोळ्या चालू आहेत ना?"

सून म्हणाली, "गोळ्या बंद केल्या त्यायनं. सभेपासून."

"काऊन?"

बाई अगदी साधेपणानं म्हणाली, जशी आपण बरोबर केलेली गोष्ट सांगतो तशी. "तुमचं पाहून सिस्टर. तुम्ही बी नागपूरले नाई गेल्या. म्हटलं मी बी विश्वास ठेवीन."

ताई त्या पायाकडे पाहत राहिली. तिच्या तोंडावर मी असं काही पाहिलं जे तिच्या स्वतःच्या गाठीसाठी कधी आलं नव्हतं. मग तिनं नेहमीसारखं काम सुरू केलं, जखम धुतली, बांधली, सुनेला रिक्षा आणायला पाठवलं, दवाखान्यात स्वतः दाखल करून आली. बोटं काढावी लागली. पाय वाचला.

परत येताना ती एकच बोलली. "मले वाटलं मी गप्प राहून त्यायचा विश्वास सांभाळून राहिली. मी त्यायचे पाय कापून राहिली होती."

रविवारी मी तिच्यासोबत उपासनेला गेलो. नाताळ नव्हता, तरी गेलो. घोषणांनंतर पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. ताई उठली. सगळ्यांना आनंद झाला. कोणी तरी आधीच स्तुती असो म्हणालं.

ती पुढे गेली नाही. बाकाला धरून जागेवरूनच बोलली, माईकशिवाय.

"सौसरच्या सभेत मी म्हटलं होतं गाठ गेली. डॉक्टरनं सुईनं पाणी काढलं होतं म्हणून बसली होती. ते सांगायचं राहिलं. ते मी नंतर बी सांगतलं नाई, ही माझी चूक. गाठ आता आहे. मोठी आहे. मी उद्या नागपूरले जाऊन राहिली. ज्यायनं ज्यायनं माझं पाहून गोळ्या सोडल्या असतील, त्यायनं आज घरी जाऊन घ्याव्या. प्रभू आहे. पण मी जे म्हटलं ते खरं नव्हतं."

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडीलधाऱ्यांनी मधेच गीत सुरू केलं. मंडळीत वाईट शांतता पडली की तेच करतात. दोघा-तिघांनी साथ दिली, मग ते विरलं. पाळक खाली पाहत होता. दारू सुटलेला माणूस आपल्या बायकोकडे पाहत होता. कोणी रडलं नाही, कोणी मिठी मारली नाही. बाहेर आल्यावर एक बाई माझ्याशी बोलली, ताईशी नाही. म्हणाली, "सिस्टरांनी असं बोलायला नको होतं. मनात ठेवायचं."

संध्याकाळपर्यंत प्रवचनकार बंधूंपर्यंत बातमी गेली होती. त्यांचा निरोप पाळकांच्या फोनवर आला, तो पाळकांनी न सांगता सांगितला, म्हणजे इकडचं तिकडचं बोलत. मिळालेलं आरोग्य अविश्वासानं हरवतं. घरात कोणी संशयी माणूस असेल तर फार जपावं लागतं. घरात मी होतो. ताईनं ते ऐकून मला म्हटलं, "घ्या. तुमची बी नेमणूक झाली." पण तिचं हसू लवकर संपलं.

फ्लेक्स कोणी काढला ते कळलं नाही. दोऱ्या तशाच लोंबत होत्या.

नागपूरला डॉक्टर तरुण होते. त्यांनी रिपोर्ट पाहिले, ताईचा हात पाहिला, आणि म्हणाले, "तुम्ही नर्स होतात ना? इतके महिने कुठे होतात?" ताई म्हणाली, "गावात." कर्करोग हाडांत गेला होता. औषधं चालू केली. ती बरं करायला नव्हती, लांबवायला होती, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आत आलो तर ताई म्हणाली, "लांबवायचं म्हणाले ना? मी इतक्या जणांच्या बाबतीत ऐकलं आहे ते, दारामागून."

आता मी पांढुर्ण्यालाच राहतो. औषधाचा दिवस झाला की तिला काही दिवस उलट्या होतात, मग तोंड येतं, मग जरा बरं वाटतं तोवर पुढचा दिवस येतो. डोक्यावर ती जुना सुती रुमाल बांधते. पाळक येतो, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घरी आणून देतो, स्कूटर लांब लावतो. मंडळीतून काही जण येतात, बरेच येत नाहीत. दारू सुटलेल्या माणसानं पुन्हा धरली असं काकूंनी सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं. म्हातारा, ज्याची कूस ती बदलायची, तो मेला. तो शेवटी तिला विचारत होता म्हणे. त्याची पॅकिंगवाल्या बाईच्या सुनेनं कूस बदलली होती, थोडे दिवस. ताईनं तिला शिकवलं होतं. हे मी चांगली गोष्ट म्हणून लिहितो आहे, पण ज्या दुपारी हे कळलं त्या दुपारी तिला ती चांगली वाटली नाही. तिला काहीच चांगलं वाटत नव्हतं.

ती त्या दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मला वाटलं डोळा लागला. मग ती न वळता बोलली.

"मले प्रार्थना येऊन नाई राहिली."

"कधीपासून?"

"नागपूरपासून. आधी वाटलं औषधानं. पण औषधानं नाई. मी बोलते, अन् मले ऐकू येते की मी एकटीच बोलून राहिली."

आयुष्यभर मला जे ऐकू येत आलं तेच ती सांगत होती, पण मला त्यानं कधी काही झालं नाही. तिचं सगळं त्याच्यावर होतं. शिष्य म्हणून जगायचं म्हणजे काय हे मला विचाराल तर मी एवढंच सांगू शकतो की तिच्याकडून एकेक गोष्ट मागितली गेली आणि तिनं ती दिली. वेळ दिला, हात दिले, चार माणसांतली इज्जत दिली. आता जे मागितलं जात होतं ते तिच्याकडे उरलेलं शेवटचं होतं, आणि घेणारा दिसत नव्हता.

"तू कर," ती म्हणाली.

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं. प्रभूनं शिकवलेली कर. लहानपणी माझ्याआधी पाठ झाली होती तुले. मिरवत होता."

मी खाटेजवळ खुर्ची ओढली. डोळे मिटले नाहीत. शब्द आले, ते पाठ होतेच. स्वर्गातल्या बापाला हाक मारण्याची ओळ झाली, नावाची झाली, राज्याची झाली. मग त्याच्या इच्छेप्रमाणे होऊ देण्याची ओळ आली, आणि मी ती ओलांडून थेट रोजच्या भाकरीवर गेलो.

ताई वळली. वळायला तिला वेळ लागला.

"एक ओळ सुटली."

"माहीत आहे."

"ती सोडून नाई चालत. मधात आहे ती."

"मला नाही म्हणता येत ताई. आत्ता नाही."

मला वाटलं ती समजावेल. ती इतकी वर्षं सगळ्यांना समजावत आली होती. तिनं नुसता सुजलेला हात उशीवर नीट ठेवून घेतला.

"माझं बी तिथंच अडकून राहिलं आहे," ती म्हणाली. "म्हणून तुले म्हटलं."

बाहेर काकूंनी वाळवणावरचे कावळे हाकलले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ती बरोबर ओठ हलवत होती. हाक, नाव, राज्य. तिथपर्यंत दोघंही आलो, आणि थांबलो, आणि ती माझ्याकडे पाहत राहिली की मी म्हणतो का, आणि मी तिच्याकडे.